थडग्याशेजारचं हात्सिकाना

अंतानानारिव्हो, ६ नोव्हेंबर १९८६

ती. मामांस हाइंगोचा सा. न. वि. वि.

तुमची बाटली पोचली. दारू मी प्यायले नाही, पण ती ज्या पाल्यात गुंडाळली होती तो भिंगाखाली धरला. पान हात्सिकानाचं आहे, तरी आमच्या वनस्पतिसंग्रहाच्या कपाटातल्या एकाही हात्सिकानाशी जुळत नाही. ही झुडपं आपल्या बेटाबाहेर कुठेच उगवत नाहीत आणि बेटावरच्या माहीत असलेल्या सगळ्या जाती आमच्याकडे वाळवून ठेवल्या आहेत. हे निराळंच काही असू शकेल.

नुसत्या पानावरून ठरवता येत नाही. फूल हवं. ते सकाळी उमलतं, दुपारपर्यंत गळतं आणि बहर पंधरवड्यात संपेल. फुलासकट वीतभर फांदी तोडून, कागदात दाबून टॅक्सीवाल्या सोलोच्या हाती पाठवा. अशी झुडपं किती उरलीत ते मोजून कळवा. दारूसाठी त्यांची साल कृपया काढू नका.

मामींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
हाइंगो

अंबोहिमितोम्बो, १२ नोव्हेंबर

चि. हाइंगोस अनेक आशीर्वाद.

पत्रात विचारपूस एक ओळ, बाकी सगळे हुकूम. मामी म्हणाली, पोरीने सरकारी कागद धाडलाय.

पंचाईत अशी, की उसाच्या रसात घालायला साल सोलून सोलून आम्ही बाकीची संपवली. तसलं एकच झुडूप उरलंय, आणि तेही आपल्या घराण्याच्या थडग्याच्या भिंतीला लागून. तिथली ओली काडी मोडणं निषिद्ध. थडग्याकडे सरळ बोट करायचं नाही, म्हणून मी तर तिकडे बोटही वाकवूनच दाखवतो. सगळ्यांत थोरल्या रामाहेफा आजोबांकडे परवानगी मागितली, तर त्यांनी मलाच विचारलं, की तुला इतक्यातच आत जाऊन झोपायचंय का.

मग मामीने शंका काढली, की मोडायचं नाही हे खरं, पण पडलेलं उचलायला कोणाची ना आहे? आजोबांनी तंबाखू ओठात धरली. म्हणाले, झाड आपणहून देईल ते घ्या, पण हलवलंत तर गाठ माझ्याशी. म्हणून पूर्वजांना पहिला घोट ओतला, झाडाखाली पांढरं लाम्बा-वस्त्र अंथरलं आणि अर्धं गाव सकाळपासून भोवती बसलं. शिंकायचं तर लांब जाऊन. अकराच्या सुमारास एक फूल पडलं. टाळ्यांनाही बंदी होती, त्यामुळे सगळे नुसतेच एकमेकांच्या मांड्या दाबत होते. दुपारपर्यंत तीन मिळाली.

आता रागावू नकोस. फुलं मलूल पडायला लागली तशी मामीने घाबरून ती दारूत टाकली. बघता बघता गुलाबी रंग पार उतरला. जे आहे ते पाठवतोय.

तुझा मामा,
रावेलोन्जातो

अंतानानारिव्हो, १९ नोव्हेंबर

ती. मामा-मामींस सा. न. वि. वि.

दारूतलं फूल वाळवलेल्यापेक्षा चांगलं टिकतं. रंग जातो, आकार राहतो. मामींनी योग्य तेच केलं. मीच सांगायला विसरले होते.

फुलाखालच्या वाटीला नऊ दात आहेत. कोणत्याही हात्सिकानाला सहाहून अधिक नसतात. मी तीनदा मोजले, मग संग्रहाच्या साहेबांनी मोजले आणि मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. जात नवी आहे. तुमच्या मोजणीप्रमाणे जगात तिचं एकच झाड आहे, आणि ते आपल्या माणसांनी राखलंय.

पुढचं काम बियांचं. त्याही पडतील तेव्हाच उचलायच्या. फळं पिकायला अजून दोन महिने आहेत. तरी मी शनिवारी येते.

आजोबांना सांगा, झाडाखाली बसले की मी हलणार नाही.

उतावीळ,
हाइंगो