कठड्यावरचा उडालेला रंग

सोमवार, ४

नवं काम लागलं की नवी वही, ही माझी जुनी खोड. घर छान आहे. तिसरा मजला, मोठ्या खिडक्या, आणि चहा करून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. माणसं तीन. आई दातांची डॉक्टर, वडील लिफ्ट दुरुस्त करतात, आणि चार महिन्यांची लेक. तिचं खरं नाव लांबलचक आहे. मी पाहताक्षणी ठमी ठेवलं, तिने हरकत घेतली नाही.

खांद्यावर ठमी दोन मिनिटांत झोपली. क्रिबमध्ये ठेवली आणि पाचव्या मिनिटाला तिने घर डोक्यावर घेतलं. महिन्यापूर्वी हे लोक या घरात राहायला आले तेव्हापासून हेच चाललंय म्हणे. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांखाली काळं झालंय. पंधरा तारखेला त्यांची रजा संपते, तोवर ठमी क्रिबमध्ये झोपायला लागली पाहिजे. मी सांगून टाकलं, इस्पितळात तान्ह्या बाळांच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढलीत, अजून एकाही बाळापुढे हात टेकलेले नाहीत.

क्रिब घराबरोबरच मिळालेली. पांढरी, जड, चारी बाजूंनी कठडे, भिंतीला स्क्रूने पक्की केलेली. शेजारी एक बसकं स्टूल. स्टुलाकडच्या कठड्यावर वीतभर जागेतला रंग पार उडून लाकूड गुळगुळीत झालंय. कुणीतरी इथे बसून बराच काळ बाळाला थोपटलेलं दिसतं. बघून बरं वाटलं.

मंगळवार, ५

आज माझी पद्धत. क्रिबमधली अस्वलं, उशा, दुलया सगळं बाहेर. घट्ट ताणलेली चादर आणि तिच्यावर उताणं बाळ, बस्स. पडदे अर्धे ओढलेले. ठेवताना आधी ढुंगण टेकवायचं, मग पाठ, डोकं शेवटी. थोपटून झालं की आधी हाताचं वजन काढायचं, हात नंतर. घाई केली की बाळाला लगेच कळतं.

ठमीला मधोमध ठेवते आणि दर वेळी ती भिंतीकडच्या कठड्याला चिकटलेली सापडते. अजून कुशीवर वळता येत नाही, पण टाचा घासत घासत पोचते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गॅस असेल. मी माझा ठेवणीतला उपाय काढला. दोन दिवस अंगावर वापरलेली माझी सुती ओढणी चादरीखाली पसरली, टोकं गादीखाली खोचली. स्टुलाकडच्या बाजूला, म्हणजे ठमी इकडे येईल. ओळखीच्या माणसाचा वास आला की बाळ निवांत होतं. वॉर्डात हा उपाय कधी फसला नाही.

गुरुवार, ७

बाळ ठेवण्याआधी मी चादर तळहाताने चोळून कोमट करते, थंडगार लागली की ते दचकतं. आज हात ठेवला तर स्टुलाकडची बाजू आधीच उबदार. तिथे ऊन येतच नाही. गादीत दोन लहान खळगे आहेत, एक डोक्याचा, एक ढुंगणाचा. आधीच्या घरच्या बाळाचे असतील म्हणून मी गादी उलटी केली आणि ओढणी, चादर परत घातली. जेवून आले तर खळगे वरच.

साठी जवळ आली म्हणून मावशींना भास होतात, असं कुणी म्हणू नये. मी गादी पुन्हा उलटली. खळगे पुन्हा वर.

शनिवार, ९

ठमीचं वजन केलं. महिनाभरात वाढायचं सोडून उतरलंय. झोप नाही, तर दूध ओढायला ताकद कुठून येणार? डॉक्टरीणबाई न्हाणीघरात नळ सोडून रडल्या. नळाच्या आवाजात रडणं झाकलं जातं असं त्यांना वाटतं. मला संताप आला.

दुपारी ठमी बाहेर आईच्या मांडीवर, मी खोलीत एकटी. क्रिबमधून चोखण्याचा आवाज आला, बाळ अंगठा चोखतं तसा. चादर उचलून ओढणी ओढून काढली. तिच्यावर मोठ्या बटणाएवढा ओला गोल. वडिलांना नेऊन दाखवला. ते हसले, म्हणाले जुन्या इमारतीत पाइप गळतात आणि आवाजही करतात. मी म्हटलं, गादीत पाइप नसतो.

चूक माझीच आहे. मी माझा वास दिला, पण ज्या बाळाला द्यायचा त्याला नाही.

सोमवार, ११

ठमी भिंतीकडे. डावा हात तिच्यावर, उजवा त्या खळग्यांवर. दोन्ही हातांनी थोपटलं. आधी नुसती चादर. मग उजव्या हाताखाली काहीतरी भरून आलं. छाती. इवलीशी, वरखाली होणारी.

भीती वाटली. हात काढला नाही. हळूहळू तो श्वास लांबला, आणि ठमी झोपली. दीड तास! उजवा हात उचलला तशी किंचाळत उठली.

म्हणजे ती दुसरी झोपली तरच आमची झोपणार. ठीक आहे. वॉर्डात सहा-सहा निजवलीत, दोघींचं काय घेऊन बसलात.

मंगळवार, १२

वडिलांनी क्रिब काढायला घेतली. स्क्रूचे माथे झिजले, स्क्रू हलले नाहीत. ठमीला हॉलमध्ये निजवलं. मी खोलीत रिकामी क्रिब थोपटत होते तोवर गाढ झोपली. थांबले की रडली. पाच वेळा करून दाखवलं. वडील हसायचे थांबले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुलूप लावू, सगळेच जाऊ. मी म्हटलं, "तुम्ही ठमीला घेऊन बहिणीकडे जा. मी इथे बसते. हिला माझी सवय मीच लावलीय."

बुधवार, १३

सकाळी तिघं गेली. मी स्टुलावर थोपटत बसले. अकराला फोन. बहिणीच्या मुलाच्या क्रिबमध्ये ठमी झोपलीय. मधोमध, हातपाय पसरून. डॉक्टरीणबाई हसत होत्या. त्यांचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

पाणी प्यायला उठले. आधी वजन, मग हात, सगळं नीट. एक घोट घेतला नाही तोच पुन्हा फोन. ठमी निळी पडली, श्वास घेत नाही — धावत आले, हात ठेवला. फोनमध्ये रडणं ऐकू आलं. आला श्वास.

बजावून सांगितलं, परत यायचं नाही. मी बोलावलं तरी नाही.

गुरुवार, १४

उजाडलं. डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नयेत. उजवा हात कठड्यावर त्या गुळगुळीत जागी टेकलाय. बरोबर मावतो.

अंगठा तिच्या मुठीत आहे.

निरोप आला. ठमी सलग आठ तास झोपली. उठून पोटभर प्याली.

दुपार

मूठ आता मनगटाला पुरते. वाढतेय ती. खळगे कठड्यापर्यंत —

आधी या स्टुलावर जी बसायची ती उठली की नाही, कोण जाणे. मीही उठत नाही. तू धरलंस म्हणून नव्हे. मी ठरवलंय म्हणून.

ओढतेस? ओढ. रडायचं तर रड. एकतीस वर्षं रडणंच ऐकलंय, त्याला भ्यायले असते तर —

ठमी झोपलीय. मी झोपवलीय तिला. तुझं काही चाललं नाही.

कोपर आत गेलं. वही कठड्यावर — खांदा —

झोप म्हणते ना. माझं थोपटणं थांबायचं नाही, ऐकतेस? अजून एकाही बाळापुढे मी हात