खोली रिकामी करतोय

४ फेब्रुवारी, रविवार

बाबा आले. हॉस्पिटलमधून थेट आमच्याकडे. झटका सौम्य होता असं डॉक्टर म्हणाले. डावा हात आणि डावा पाय संपावर गेलेत, तोंड मात्र ड्यूटीवर आहे. जिना चढताना म्हणाले, लिफ्टच्या कंपनीत नोकरी करतोस आणि बापाला पायऱ्या. जन्मभर बस चालवलेला माणूस. पायी जाणं त्यांना पहिल्यापासून कमीपणाचं वाटतं.

बायकोचं म्हणणं, आतली खोली बाबांना द्यावी. बाथरूम लागूनच आहे, खिडकी आहे, दार लावून घेता येतं. मुद्दा बिनचूक आहे. फक्त त्या खोलीत माझं कलेक्शन आहे. एकवीस व्हिडिओ गेमचे कन्सोल, भिंतभर गेम्स, पिक्चर ट्यूबचे दोन टीव्ही. गेमच्या कार्ट्रिजना दमट हवा चालत नाही, आणि आजारी माणूस म्हटला की ओले टॉवेल आले, वाफारा आला. हे तिला शांतपणे समजावलं. ही काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

बाबांची सोय हॉलमध्ये, दिवाणावर. त्यांना माणसांत राहायला आवडतं.

तरी संकल्प: पंधरा दिवसांत खोली रिकामी करायची. आधी सगळं पिढीनुसार लावून घेतो. मग हलवायला सोपं.

५ फेब्रुवारी, सोमवार

लावायला सुरुवात. पहिलंच खोकं उघडलं आणि त्यात अडकलो.

सगळ्यात चांगला कन्सोल कोणता, असं कुणी विचारत नाही, पण विचारलं तर उत्तर तयार असावं. आठ-बिट म्हणजे बालपण. दोन बटणं, एक शत्रू. सोळा-बिट म्हणजे कॉलेज. रंग आले, गाणी आली. सीडीवाला म्हणजे संसार. सुरू होण्याआधी नुसतं लोडिंग. आणि हल्लीचे कन्सोल म्हणजे पाहुणे, घरात पाऊल टाकत नाहीत तोच वायफायचा पासवर्ड मागतात.

हे हिला वाचून दाखवलं. ही बाबांच्या पाठीला तेल लावत होती. म्हणाली, संसाराचं परत वाच.

७ फेब्रुवारी, बुधवार

फिजिओथेरपिस्ट बाई येऊन गेल्या. कडक आहेत. बाबांच्या डाव्या हातात स्पंजचा बॉल दिला आणि दाबा म्हणाल्या. बॉल जागचा हलला नाही. बाबा म्हणाले, क्लच अडकलाय. बाई हसल्या नाहीत. रोज घरात धरून धरून चालवा, वाटेत काही ठेवू नका, असं मला बजावलं.

मी विचारलं, बॉलऐवजी गेमचा कंट्रोलर दिला तर? दोन्ही अंगठे, सगळी बोटं, शिवाय मेंदू. बाई म्हणाल्या, आधी बॉल.

त्यांच्या कोर्सला हा विषय नसणार. बाबांना मीच बरं करायचं ठरवलं आहे.

१० फेब्रुवारी, शनिवार

पहिलं सेशन. आठ-बिट निवडला. एलसीडीवर आठ-बिट खेळणं म्हणजे चष्म्यावर चष्मा, त्यामुळे पिक्चर ट्यूबच हवी. ती उचलवत नाही, म्हणून बाबांना आतल्या खोलीपर्यंत चालवत नेलं. खोलीत खुर्ची मावली नाही. पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर, अशी उंबऱ्यावर ठेवली. पंख्याचा वारा पोचत नव्हता. पण व्ह्यू उत्तम.

गेम म्हणजे वरून तुकडे पडतात आणि ते खाली जुळवून बसवायचे. जगातला सर्वोत्तम गेम, या मतावर मी कुणाशीही भांडेन. बाबांचा डावा अंगठा दाबेना. तुकडे मधोमध साचत गेले आणि वरपर्यंत पोचले. बाबांनी विचारलं, यात जिंकतात कसं? मी सांगितलं, जिंकत नाहीत, होईल तितकं लांबवायचं. बाबा म्हणाले, मग हे मला कॅसेट न लावताही जमतंय.

कॅसेट नव्हे, कार्ट्रिज. दोनदा सांगितलं.

११ फेब्रुवारी, रविवार

आज गाड्यांच्या शर्यतीचा गेम. बाबा एकदम ताठ बसले. वळण आलं की खुर्चीसकट कलत होते. कुठलीही गाडी रस्त्यावर राहिली नाही, पण चेहऱ्यावर रंग आला. मग वरच्या फळीकडे बोट दाखवून म्हणाले, ते स्टिअरिंगचं खोकं कसलं?

ते माझ्या कलेक्शनचा कळस आहे. स्टिअरिंग, गिअर, पेडल, संपूर्ण सेट, कंपनीचं सील अजून शाबूत. असा सेट न उघडलेला मिळणं म्हणजे काय, हे समजणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. बाबा म्हणाले, काढ की, स्टिअरिंग हातात आलं तर हात ऐकेल माझं.

सील उघडलं की ती वस्तू उरते, कलेक्शन राहत नाही. हे बाबांना समजलं नसतं. म्हणून म्हटलं, बक्षीस. ज्या दिवशी डाव्या हाताने बॉल पूर्ण दाबाल, त्या दिवशी खोकं उघडू. बाबांनी उजवा हात पुढे केला. मी मिळवला.

बाई म्हणाल्या होत्या की याला महिने लागतात. माझं नियोजन पक्कं असतं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा दिवसभर बॉल दाबतात. चहा पिताना, टीव्ही बघताना. हिने सांगितलं, झोपेतसुद्धा बोटं हलतात. चांगली गोष्ट आहे.

खोलीचं काम जोरात. सोळा-बिटची आणि सीडीवाल्यांची खोकी बाहेर काढून पॅसेजमध्ये रचली. तात्पुरती. आत आता पलंगाचा एक पाय मावेल एवढी जमीन दिसते. हिने विचारलं, पॅसेजमधून बाबांनी जायचं कसं? म्हटलं, खोली रिकामी होतेय, धीर धर. ही म्हणाली, हे ऑफिसात सांग. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना सांगतोस ना, माणूस निघालाय म्हणून, तसं.

माणूस खरोखर निघालेला असतो. बहुतेक वेळा.

२१ फेब्रुवारी, बुधवार

अनपेक्षित अडचण. बाबांनी बॉल दाबला.

फिजिओ बाई समोर होत्या. डावा हात वर करून बाबांनी बॉल असा काही आवळला की तो बोटांतून बाहेर आला. बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, काका, इतक्या लवकर मी कुणाचं पाहिलं नाही. हिने डोळे पुसले. बाबा माझ्याकडे बघत होते.

मी टाळ्या वाजवल्या. मग ऑफिसचा फोन आल्यासारखं करून बाल्कनीत गेलो.

आत येऊन म्हटलं, बाबा, बॉल दाबला, पण पकड अजून टिकत नाही. स्टिअरिंगला पकड टिकावी लागते. तुम्हीच सांगा, टिकावी लागते की नाही? ते बस ड्रायव्हर. त्यांना हो म्हणावंच लागलं. तोवर सरावासाठी स्वयंपाकघरातली मोठी ताटली आणून दिली. मापाने जवळजवळ तेवढीच आहे.

बाबांनी ताटली दोन्ही हातांत धरली. थोडी डावीकडे फिरवली, थोडी उजवीकडे. मग मांडीवर ठेवून म्हणाले, ते खोकं उघडायचं नाहीये ना तुला? सरळ सांगायचंस. मी काय हट्ट करणार होतो?

तसं काही नाही, असं मी म्हणालो. हिने ताटली उचलून आत नेली आणि आत बराच वेळ भांडी वाजत राहिली.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

बॉल दिवाणाखाली गेलाय. बाबा म्हणतात, काढू नकोस, राहू दे.

व्यायामाच्या बाबतीत मोठ्या माणसांमध्ये सातत्य नसतं, हा माझा अनुभव.

२४ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसात मन लागलं नाही. एका बाईंची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली होती आणि मी त्यांना फोनवर विचारलं, तुमची पकड कशी आहे? त्यांनी साहेबांकडे तक्रार केली.

घरी आल्यावर निर्णय घेतला. सील उघडायचं. उद्याच. वस्तू माणसांसाठी असतात, माणसं वस्तूंसाठी नाहीत. हे वाक्य सुचल्यावर बरं वाटलं. बाबांना सांगायचं नाही, सरप्राइज.

२५ फेब्रुवारी, रविवार

खोकं खाली घेतलं. कटर हातात घेतला. तेवढ्यात लक्षात आलं की सील उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायला हवेत, आणि फोटोंना दुपारचं ऊन लागतं. दुपारी ढग होते.

पुढच्या रविवारी. नक्की.

रविवार वाया जाऊ नये म्हणून उरलेल्या खोक्यांची पॅसेजमध्ये दुसरी रांग लावली. बाबांसाठीच करतोय हे सगळं. ते कुणाच्या लक्षात येत नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात हिचा फोन. बाबा पडले. ती भाजी चिरत होती. तिला हाक मारायला नको म्हणून बाबा एकटेच बाथरूमला निघाले, पॅसेजमध्ये पाय अडकला.

मी विचारलं, खोक्यांवर पडले का?

हिने फोन ठेवला.

मी हे का विचारलं ते इथे स्पष्ट लिहून ठेवतो. पुठ्ठा मऊ असतो. खोक्यांवर पडले असतील तर मार कमी, हा वैद्यकीय विचार त्यामागे होता. परत फोन लावून तिला हे सांगणार होतो. तिने उचलला नाही.

कपाळाला टाके. हाड मोडलेलं नाही. पण डावा हात आपटलाय आणि बोटं परत मिटत नाहीत. फिजिओ बाईंनी आल्या आल्या पॅसेज पाहिला. मग सरळ बाबांजवळ जाऊन बसल्या. ओरडल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं.

खोकी आत घेतली. दोन सोळा-बिट चेपलेत. हे हिला सांगितलं नाही. हे आत्ता इथे लिहायलाही नको होतं.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

ताई आली. तिच्या गावाहून पहिल्या गाडीने. माझी मोठी बहीण, लहानपणी माझी मारामारी तीच निस्तरायची. वाटलं आता तोफखाना सुरू होणार. उत्तरं पाठ करून ठेवली होती.

ताईने बाबांचं कपाळ पाहिलं. दिवाण पाहिला. मग आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली. म्हणाली, किती मोठी आहे रे ही खोली.

एवढंच. पाठ केलेलं एकही उत्तर लागू पडलं नाही.

बाबांना ती घेऊन जाणार आहे. तिच्याकडेही दोनच खोल्या आहेत, हे मी लक्षात आणून दिलं. ती म्हणाली, हो, एक रिकामी करून आलेय.

२ मार्च, शनिवार

बाबा गेले. म्हणजे ताईकडे.

निघायच्या आधी मी स्टिअरिंगचं खोकं हॉलमध्ये आणलं, दिवाणावर ठेवलं आणि कटर काढला. सगळ्यांसमोर. फोटो न काढता. बाबा म्हणाले, नको रे. मी म्हटलं, उघडतोच. बाबांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं. उजव्या हातात अजून बरीच ताकद आहे. म्हणाले, इतकी वर्षं जपलंयस, आता माझ्यासाठी फाडू नकोस. मला हात कुठे आहे चालवायला?

रागावून म्हणाले असते तर मी उघडलं असतं. समजावून म्हणाले. मी लहानपणी सायकलवरून पडलो की याच आवाजात बोलायचे.

जिना उतरताना एका बाजूने ताई, एका बाजूने ही. मी पुढे, बॅगा घेऊन. बॅगा जड होत्या, त्यामुळे मला त्यांना धरता आलं नाही.

३ मार्च, रविवार

ऊन स्वच्छ होतं. फोटो काढता आले असते.

ही सकाळीच माहेरी गेली. कधी येणार विचारलं. म्हणाली, बघते. बॅग छोटी आहे. म्हणजे लवकर येईल.

१० मार्च, रविवार

ही आली. हॉलमध्ये झोपते. दिवाणावर वारा चांगला येतो म्हणते.

आठवडाभरात खोली पूर्ण रिकामी केली. खरोखर. एक कन्सोल माळ्यावर, दोन आमच्या पलंगाखाली, सहा ऑफिसातल्या कपाटात, बाकीचे जुन्या वस्तू घेणाऱ्या दुकानदाराने नेले. त्याने स्टिअरिंगचं खोकं हलवून पाहिलं आणि विचारलं, चालतं का? मी म्हटलं, माहीत नाही. तेही त्याने नेलं. मग पलंग आणला. बाथरूमपर्यंत भिंतीला धरायला दांडी बसवली. लिफ्टचाच माणूस आणला होता, काम मजबूत आहे. हिने दांडी हाताने हलवून पाहिली. काही बोलली नाही. म्हणजे काय, ते आता मला कळत नाही.

१७ मार्च, रविवार

ताईकडे फोन केला. तिने बाबांना दिला. आवाज चांगला आहे. डाव्या हाताची दोन बोटं परत हलायला लागली आहेत, गेटपर्यंत चालतात, शेजारच्या निवृत्त कंडक्टरशी रोज वाद घालतात.

मी सांगितलं, खोली रिकामी झाली. पलंग खिडकीशी आहे. दांडी आहे. पंखा नवा आहे. सगळं एका दमात सांगितलं. मध्ये थांबलो तर ते नको म्हणतील असं वाटत होतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, छान केलंस. मग म्हणाले, पण आता इथे बसलीय घडी माझी. तूच येत जा अधूनमधून. इथे बसायला जागा आहे.

हो म्हणालो. फोन ठेवला.

खोलीत जाऊन पलंगावर बसलो. गादी नवी आहे, प्लास्टिक अजून काढलेलं नाही. हलल्यावर आवाज येतो.