टकळीचा तास

प्रिय गोविंदराव,

गेलेल्या माणसाला पत्र लिहू नये असं कुठल्या शास्त्रात सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. तरी लिहिलं नसतं. पण काल तुमचं अर्धं राहिलेलं काम माझ्या अंगावर आलं, आणि त्याबद्दल भांडायला दुसरं कोण आहे?

तुमच्यामागे हस्तव्यवसायाचा तास कुणालाच नको होता, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. माझ्या तासाची संस्कृतवाली पोरं तशीही उरली नाहीत. निम्मी आई-बापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडतात.

तुमचा नियम मला वर्गानंच सांगितला. गोल बसून टकळीवर सूत कातायचं. ज्याचा धागा तुटेल त्यानं मनातली एक गोष्ट बोलायची. बाकीच्यांनी हसायचं नाही, बाहेर सांगायचं नाही. भिंतीपलीकडं मला नुसता गलका ऐकू यायचा. "टकळी पोरांच्या हातात असते की तोंडात?" असं मी विचारलं की तुम्ही फक्त चहा पुढं सरकवायचात. एकदा तरी नीट उत्तर का दिलं नाहीत?

पहिला आठवडाभर एकाचाही धागा तुटला नाही. तपासणीला आलेले साहेब सूत पाहून खूश झाले. मला मात्र घाम फुटला. चौदा-पंधरा वर्षांची पोरं श्वास धरून कातत होती, कारण धागा तुटला तर माझ्यासमोर बोलावं लागलं असतं. तुमच्या वेळी म्हणे मुद्दाम तोडायची.

शेवटी मीच टकळी घेतली. धागा तुटायला वेळ लागला नाही. "बोला सर," नववीतला रायभान म्हणाला, "नियम म्हंजे नियम."

"मला तुमची भीती वाटते," मी म्हणालो. खरंच होतं ते.

"आमाला बी तुमची वाटती," तो म्हणाला. "मंग बराबर झालं."

काल कौसल्येचा धागा तुटला. की तोडला? ती तर वर्गात सगळ्यात चांगलं सूत काढते. मान वर न करता म्हणाली, "माझं लगीन धरलंय. सोमवारपासून शाळेत येणार न्हाई. गोविंद सर म्हन्ले व्हते, तुझ्या चुलत्याशी बोलतो. मंग ते मेलेच."

जणू तुम्ही तास बुडवून कुठं फिरायला गेला होतात! आणि हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. बाहेर सांगायचं नाही हा नियम पोरांसाठी होता ना, गोविंदराव? तुम्हाला छातीत कळा येत होत्या, तेव्हा तरी भिंत ठोठावायचीत. मी पलीकडं धातू पाठ करून घेत होतो, दुसरं काय?

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. बाप नाही, आई खडीच्या कामावर, तिकडंच राहते. चुलता वाईट माणूस नाही, हीच पंचाईत. "विहीर कोरडी पडली, सर. घरात दाणा न्हाई. पोरीला काय खाऊ घालू? तिकडच्या विहिरीला पानी हाय. दोन वक्ताला जेवंल तरी."

मी विद्या, धर्म, कन्या, जे जे पाठ होतं ते सगळं बोललो. त्यानं अदबीनं ऐकून घेतलं. "बिलकुल खरंय तुमचं," म्हणाला. मग जराशानं, "गोविंद सर आले की घोंगडीवर बसायचे, पानी प्यायचे. तुमी आल्यापून हुबेच."

उभाच होतो मी. तसाच परत आलो. कौसल्या दारामागं होती, दिव्यात वात घालत. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

लग्न थांबेल असं वचन मी देत नाही. भुकेला मी काय उत्तर देणार? पण उद्या शाळा भरायच्या आत पुन्हा जाईन. घोंगडीवर बसेन, मिळेल ते पाणी पिईन, पाठांतर घरी ठेवीन. वसतिगृहात तिची जेवणासकट सोय होईल का, हे मुख्याध्यापकांना आजच विचारलंय. "बघू" म्हणाले. तेवढं "बघू" घेऊन जाईन. आणि चुलत्यादेखत कौसल्येलाच विचारीन, पोरी, तुला काय पाहिजे? त्या घरात हे अजून तिला कुणी विचारलेलं नाही. काल मीही नाही.

तुमचा,
भिंतीपलीकडचा
वामन