पुढच्या काचेवरचे ठिपके

सोमवार, ६ तारीख

आधी सगळ्यांची खुशाली.

माझी मान — आहे तशीच. वर-खाली हलते, डावी-उजवीकडे नाही. म्हणजे 'हो' म्हणता येतं, 'नाही' म्हणता येत नाही. ही म्हणते, "संसाराला इतकी वर्षं झाली, आत्ता कुठे मान नीट चालायला लागली तुमची!" हिचे गुडघे — कुरकुरतात, पण हिच्यापेक्षा कमी. (हे पान हिच्या हाती लागू नये!) लेकीची सर्दी — फोनवरसुद्धा शिंका. गाडीची प्रकृती — इंजिन ठणठणीत, ब्रेक शहाणे, पण पुढच्या काचेवर पांढरे ठिपके. कांजिण्या आल्यासारखे.

आणि हीच गाडी येत्या रविवारी जाणार. मान वळत नाही त्याने गाडी चालवू नये, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. लेक म्हणाली, "बाबा, चालवायला घरात कुणी नाही. मग दारात उभी करून तिच्याकडे बघत बसणार का?"

मनात म्हटलं — हो! बसणार!

गिऱ्हाईकही तिनेच आणलं. तिच्या शाळेतले संगीताचे मास्तर. काल येऊन बघून गेले. फार सज्जन माणूस, राग धरावा म्हटलं तरी धरता येईना. म्हणाले, "बाकी सगळं सुरात आहे. तेवढी काच साफ झाली की रविवारी घेऊन जातो. रात्री समोरून दिवे आले की हे ठिपके डोळ्यांत घुसतील." मी म्हणालो, काढून देतो. जीभ कशी रेटली, कोण जाणे.

मंगळवार, ७ तारीख

साबण लावला. ओली असताना काच आरशासारखी. वाळली की ठिपके पुन्हा हजर, हाक मारल्यासारखे. मग वर्तमानपत्राचा बोळा. हात काळे झाले, ठिपके गोरेच राहिले.

बुधवार, ८ तारीख

रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, हे पाण्यातले क्षार. पाणी उडून जातं, क्षार ठाण मांडून बसतो. व्हिनेगर आणा, तेवढंच पाणी घाला, कापड भिजवून काचेवर पसरा. जरा मुरू द्या, मग पुसा. उन्हात मात्र नको."

"पण होतात कशाने?"

"गाडी धुवायची आणि न पुसता उन्हात सोडायची — झाले ठिपके!"

आमच्याकडे? शक्यच नाही! गाडी धुणारा मी एकटा. आणि पुसणार तर अशी, की थेंबाला पळता भुई थोडी व्हावी. मान धरल्यापासून तर बादलीला हातही लावलेला नाही!

स्वयंपाकघरातली व्हिनेगरची बाटली पळवली. अर्ध्या वाटेत पकडला गेलो. "गाडीचं लोणचं घालताय का?" — ही.

गुरुवार, ९ तारीख

जिंकलो!

व्हिनेगरने निम्मे ठिपके गेले. उरलेले हट्टी, नाठाळ. त्यांच्यासाठी काचेची पॉलिश आणली. रेडिओ दुरुस्त करायला मी कुणाकडे शिकलो नव्हतो, उघडून बघत गेलो आणि जमत गेलं. हेही तसंच. आधी एका कोपऱ्यात चोळून पाहिली — ओरखडा नाही. मग ओल्या मऊ कापडावर थोडी थोडी घेऊन गोल गोल, गोल गोल. खांदा भरून आला. पण काच अशी झाली, की आहे की नाही कळेना. एक माशी येऊन थाडकन आपटली. याहून मोठी शाबासकी कोणती?

हिला बोलावून दाखवली. "छान," म्हणाली आणि लगेच आत गेली. दोन शब्द जास्त बोलली असती तर काय बिघडलं असतं?

आनंद झाला, पण अर्धाच. काच जितकी साफ, तितका रविवार जवळ दिसतो.

शुक्रवार, १० तारीख

घात!!

सकाळी मानेच्या व्यायामाहून परत आलो, तर काचेवर पुन्हा ठिपके! ताजे, टवटवीत!

वर पाहिलं. म्हणजे मान वर जाते म्हणून दिसलं. वरच्या मजल्यावर ज्या बाई राहतात — आधी शाळेची व्हॅन चालवायच्या, आता घरीच असतात — त्यांच्या गॅलरीत कुंड्यांची रांग. बरोबर माझ्या गाडीच्या डोक्यावर! सापडला चोर! तडक जिना चढलो.

"बाई, पाणी झाडांना घाला, माझ्या गाडीला नको!"

त्यांनी एक पान खुडून माझ्या हातावर ठेवलं. "काका, प्लॅस्टिकची आहेत."

होती खरी. मी ते पान उलटंसुलटं करून बराच वेळ तपासलं. दुसरं काय करणार? बाई तोंडावर हात दाबून हसत होत्या. जरा जास्तच. खाली आलो, तर हीसुद्धा हसतेय! हिला इतक्यात कुणी सांगितलं?

शनिवार, ११ तारीख

पुन्हा पहिल्यापासून सगळं. व्हिनेगर, कापड, पॉलिश, खांदा. झाली एकदाची.

मग कुणी बघत नाहीसं पाहून आत जाऊन बसलो. शेवटचंच. पोट स्टिअरिंगला टेकलं! पूर्वी टेकत नव्हतं. गाडी जाणार या दुःखात खाणं वाढलंय बहुतेक. आरशातही मागच्या रस्त्याऐवजी माझी हनुवटी. नीट केला. कुणासाठी केला, देव जाणे.

लेक जन्मली तेव्हा दवाखान्यातून घरी याच गाडीतून आणली. एवढीशी. मी इतकी हळू चालवत होतो, की मागून सायकलवाले शिव्या देत पुढे जात होते.

हिला म्हटलं, "उद्या मास्तर येतील तेव्हा मी व्यायामालाच थांबतो. चावी तू दे."

"चावीचं मी बघते," म्हणाली.

रविवार, १२ तारीख

व्यायामात मन लागेना. अर्ध्यातूनच परत आलो. मास्तर आमच्या पायरीवर बसलेले — आणि गाडी जागेवर नाही! मग नेली कुणी?

तेवढ्यात कोपऱ्यावरून आली. मुंगीच्या चालीने. आभाळ कोरडं ठणठणीत आणि वायपर फटाफट सुरू! स्टिअरिंगवर ही, जीभ दातांत धरलेली. शेजारी वरच्या बाई ओरडतायत, "तो वायपर! सिग्नल दुसरीकडे!" ही मला पाहून किंचाळली, "अहो, बाजूला व्हा! मला अजून नीट थांबवता येत नाही!"

थांबली. उतरली. घामाघूम. "शिकाऊ लायसन कधीच काढलंय. तुम्ही व्यायामाला गेलात की निघायचो. धूळ दिसू नये म्हणून पाणी मारायचे, पुसायला वेळ कुठे मिळायचा? आधी सांगितलं असतं तर हसला असतात." मग मास्तरांकडे वळली. "गाडी देईन हो तुम्हाला. माझी चालवून झाली की. आत्ता तर कुठे शिकतेय."

संध्याकाळी कापड घेऊन बाहेर निघालो, तर हिने हातातून ओढून घेतलं.

"द्या इकडे. माझी काच मी पुसेन."