शॉवरची चाळणी

आळे, रविवार, ९ मार्च २००३

ह्यांनी मस्कतला जाण्याआधी हौसेनं बसवलेला शॉवर बोअरच्या क्षारानं बुजून नुसता ठिबकत होता. आज त्याची चाळणी काढली, पितळेच्या भांड्यासारखी चिंचेत भिजवली आणि स्टोच्या पिनेनं एकेक भोक उघडलं.

सासूबाई म्हणाल्या, "तू तर बादलीनंच न्हातीस, मंग कशाला एवढा खटाटोप?"

"हे येणारेत ना पुढच्या आठवड्यात!"

पाणी धो धो आलं, तेवढ्यात ह्यांचाच फोन. सुट्टी नाय मिळाली, आता दिवाळीलाच. वर विचारतात, "शॉवर चालतोय का गं?"

"लई जोरात," एवढंच म्हटलं.

दिवाळीपर्यंत भोकं परत बुजणारच. बुजू देत. पिन काही स्टोपाशी नेली नाही, साबणाशेजारीच ठेवलीय.