डाव्या तळहातावरचा देव

उमरगा, श्रावण वद्य पंचमी, सांजवेळ

काल गंगूला माती दिली. नऊ वर्षांची माझी पोर, तीन दिवसांच्या तापात गेली. औषधासाठी माणूस सोलापूरला धाडला होता; तो निजामाच्या हद्दीत परतला तेव्हा आम्ही खड्ड्यापाशी उभे होतो. आम्हा लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं तिला खड्ड्यात बसवलं, तिच्या गळ्यातलं लिंग तिच्याच डाव्या तळहातावर ठेवलं. गार होतं ते. रोज सकाळी पूजेला काढायची तेव्हा उबदार असायचं. "अप्पा, हात लावून बघा, देव जागा हाय," म्हणायची.

माती द्यायला आलेल्या मठाच्या स्वामींना विचारलं, देव पण तिच्यासंगं पुरला का? म्हणाले, "तो चराचरात हाय, मातीतबी हाय." मग तापातही होता की! आणि या साऱ्याच्या पार पलीकडं कुठं असेल, तर रोज आंघोळ कुणाला घालत होतो?

आत्ता बायको म्हणाली, "पूजा करा, दोन घास खावा. तुमी कालपास्नं उपाशी हाव." म्हणून माझ्या गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं. उबदार लागलं. क्षणभर बरं वाटलं. मग कळलं, ही ऊब माझ्याच छातीची.

तिचंही तसंच असणार. इतकी वर्षं जागी होती ती गंगूच.