पाडलेल्या लगोऱ्या

विठ्ठलवाडी, रविवार

धम्मपाल,

ट्रेकच्या ग्रुपवर तू टाकलेला, शिखरावर हसत उभ्या असलेल्या दर्शनाचा फोटो पाहिला. छान आलाय. हे पत्र तुला पाठवणार नाही, म्हणून खरं लिहितेय.

गेल्या वर्षी हिमाचलातल्या त्या तळ्यापासून शिखरावर जायची वाट आपण दोघांनी शोधलेली. वाट कसली, नुसते सुटे दगड. चार दिवस चुकत चुकत गेलो आणि परत सापडावी म्हणून वळणावळणावर दगडांच्या लगोऱ्या रचल्या. उतरताना मी सारखी मागे राहत होते, तेव्हा तू विचारलंस, गुडघा दुखतोय का. मी हो म्हटलं. खरं तर मी एकेक लगोरी पाडत येत होते. ती वाट अजून कुणाची व्हायला नको होती.

यंदा तू माझ्याऐवजी दर्शनाला तिथे घेऊन गेलास. वाट सापडेना, तेव्हा खालच्या गावातून मला फोन केलास. "अगं, बर्फात लगोऱ्या गेल्या वाटतं. तुला आठवतंय का काही?" मागे ती हसत होती. मी माजिवड्याला बससाठी उभी होते. तिथूनच तुला सगळी वळणं सांगितली. चुकीचं सांगायचं मनात आलेलं, पण तिथे पाय घसरला तर माणूस सरळ तळ्यात जातो.

शिखराजवळची शेवटची लगोरी मात्र मला पाडवली नव्हती. फोटोत त्या लगोरीवर एक नवा दगड दिसतोय. जाणाऱ्याने लगोरीवर आपला एक दगड ठेवायचा, हे दर्शनाला मलंगगडावर मीच शिकवलेलं.

गुडघा ठणठणीत असलेली,
मेघना